जुन्या लोकरीची खोळ

यंदा थंडी उशिरा आली, पण आली ती जवळच्या पाहुण्यासारखी, दारात चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात. पहाटे गॅस पेटवला की त्यावर आधी हात शेकावेसे वाटतात. खोबरेल तेलाची बाटली थिजलेली असते. चिंचवडच्या स्टॉपवर कंपनीची बस येते तेव्हा तिच्या काचा आतून धुरकटलेल्या असतात, आणि मोशीच्या पुलावरून जाताना खाली इंद्रायणी आहे तेही कळत नाही. बसमध्ये सगळे मफलर गुंडाळून डुलक्या काढतात. मी मात्र जागी असते. गेल्या वर्षी याच दिवसांत, याच सीटवर मी काय करत होते ते मला आठवत राहतं.

मागच्या रविवारी स्वेटर काढायला माळ्यावर चढले, तर कापडाच्या पिशवीत ती खोळ सापडली. पिस्ता रंगाची, हातभर लांब, एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला उघडी. उशीला घालतो तशीच, फक्त लोकरीची आणि बाळाला घालायची. माझी लेक प्राजक्ता तिला 'कोकून' म्हणते. वाकडच्या बाविसाव्या मजल्यावर राहणाऱ्या लोकांना खोळ म्हणून चालत नसावं. ती त्या दिवशी ओवीला घेऊन आली होती. ओवी म्हणजे माझी नात, नुकतीच वर्षाची झाली. तिनं ती खोळ माझ्या हातातून ओढली, खाली बसून दोन्ही पाय आत घातले आणि खोळ मांड्यांशीच अडकली. गेल्या वर्षी ही अख्खी बाई त्यात हनुवटीपर्यंत मावत होती.

"आई, ही मला दे. मी फ्रेम करून घेणार आहे," प्राजक्ता म्हणाली. "छान काचेची फ्रेम, हॉलमध्ये लावायला."

मी चिडले. मला चटकन राग येतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कंपनीत तर त्यावरच माझं पोट चालतं. मी म्हटलं, "पोरगी पाच आठवडे काचेच्या पेटीत राहिली ते पुरे झालं. आता तिची खोळ पण काचेत ठेवायची?"

प्राजक्तानं ओवीच्या पायातून खोळ सोडवली. पलीकडे दिवाणावर आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ऊन अंगावर घेत पडल्या होत्या. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. त्यांनी मान वळवून त्या खोळीकडे पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. एरवी त्यांचं मत मागायला लागत नाही.

मी क्वालिटीत आहे. आधी भोसरीत होते, मग कंपनी चाकणला गेली तशी आम्हीही गेलो. गाडीच्या आत कुठंतरी बसणारे, कुणाला कधी न दिसणारे भाग मी तीस-बत्तीस वर्षं मोजत आले आहे. जाडी मोजायचा व्हर्नियर माझ्या हातात इतका बसलाय की घरी पोळी जाड झाली तरी हात तो शोधतो. मापात बसला तर माल पुढं जातो. नाही बसला तर त्याला लाल टॅग लावायचा आणि बाजूला काढायचा. समोरचा सुपरवायझर कितीही गोड बोलला तरी टॅग काढायचा नाही. या कामानं मला एक सवय लावली आहे. वाईट बातमीसुद्धा मला आकड्यात सांगितलेली बरी वाटते.

पण विणकाम त्याच्याही आधीचं. शाळेत हस्तकलेच्या तासाला शिकले, आणि लग्न होऊन चिंचवड गावठाणातल्या दोन खोल्यांत आले तेव्हा सासरी सगळ्यांना स्वेटर झाले. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा पिस्ता रंगाची लोकर आणली. मुलगा होवो की मुलगी, दोघांनाही शोभेल म्हणून. आत्याबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "पोटातल्या लेकरासाठी सुई उचलू न्हाई गं. आधी लेकरू येऊ द्यावं." त्या खेडकडच्या, म्हणजे आताच्या राजगुरुनगरच्या बाजूच्या. त्यांच्याकडं बाळाला पहिल्यांदा जुनेरच घालतात. धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं, घरातलं धोतर, कुणाच्या तरी धडधाकट पोराचं झबलं. नवं कोरं काही पाचवी पुजल्याशिवाय अंगाला लावायचं नाही, आणि आधी करून ठेवायचं तर मुळीच नाही. मी तेव्हा तेवीस-चोवीसची. मला वाटलं, ही जुनी माणसं. मी स्वेटर केला, टोपी केली, पायमोजे केले, आणि मग उरलेल्या लोकरीचं लहान पांघरूणही केलं. सातव्या महिन्यात सगळं घडी करून कपाटात ठेवलं.

तो मुलगा दोन दिवस जगला. यापेक्षा जास्त मला त्याच्याबद्दल सांगता येत नाही, कारण जास्त काही घडलंच नाही.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा कपाटातली घडी जागेवर नव्हती. आठवड्याभरानं दुपारी उठून मागच्या अंगणाकडं गेले, तर आत्याबाई न्हाणीच्या पायरीवर पाठमोऱ्या बसून तो स्वेटर उसवत होत्या. भराभर ओढत होत्या. लोकर त्यांच्या मांडीवर शेवयांसारखी पडत होती. मी दारातच थांबले. त्यांना मी तिथं उभी आहे हे कळलं असावं, कारण हात क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मी आत येऊन पडले. पुढं ती लोकर मी घरात कधी पाहिली नाही, आणि मला वाटलं टाकली असेल कुठंतरी नाल्यात. त्या दुपारबद्दल आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. भांडणं बाकी सगळ्यावरून झाली, अगदी मिठावरूनसुद्धा. मी सुया ठेवून दिल्या. दोन वर्षांनी प्राजक्ता झाली, ठणठणीत, रडकी. तिला मी एक टोपीसुद्धा विणली नाही. तिचे सगळे स्वेटर पिंपरीच्या बाजारातले.

त्यामुळं गेल्या वर्षी कार्तिकात, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या प्राजक्तानं मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ दाखवून, "आई, तुला येतं ना गं विणता? बाळासाठी असं कोकून करशील?" असं विचारलं, तेव्हा मी मोबाइल चटकन तिला परत दिला. त्या व्हिडिओत गोरं गोबरं बाळ लोकरीच्या पिशवीत झोपलं होतं, शेंगेत वाटाणा असतो तसं.

आत्याबाई दिवाणावरून म्हणाल्या, "नाव न्हाई काढायचं. लेकरू येऊ दे आधी."

"अगं आजी, आता कोण मानतं हे?"

"म्या मानते."

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. मी प्राजक्ताला म्हटलं, "आजी म्हणतात ते ऐक. नंतर करू." आपल्या बाजूनं कुणी लढलं नाही असं तिला वाटलं असणार. तिला त्या भावाबद्दल ठाऊक आहे, पण त्या लोकरीबद्दल नव्हतं.

मग मार्गशीर्षात, नऊ आठवडे बाकी असताना, ओवी जन्मली. मी फर्स्ट शिफ्टला होते. फोन आला तेव्हा माझ्या हातात व्हर्नियर होता, आणि मी तो तसाच खिशात घालून निघाले. दुसऱ्या दिवशी परत नेऊन दिला आणि रजिस्टरला सही केली.

एक किलो तीनशे साठ ग्रॅम. काचेतून पाहिलं तर डायपरच मोठा दिसत होता. छातीवर वायरी, नाकात नळी, आणि पाय एवढे बारीक की माझा अंगठा जास्त जाड. सिस्टर चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आजी, रडू नका. फुप्फुसं ठीक आहेत. एक किलो आठशे झाली आणि दूध नीट ओढायला लागली की घरी. तोवर तिला एकच औषध, ऊब. नंतर घरी गेल्यावरसुद्धा तेच."

मी रडत नव्हते. मी विचारलं, "लांबी किती आहे? छातीचा घेर?"

"ड्रेस शिवताय की काय?"

"सांगा तर खरं."

त्यांनी फाइल बघून सांगितलं. एकोणचाळीस आणि सव्वीस. माझ्या पर्समध्ये इन्स्पेक्शनचा जुना कागद होता, त्याच्या पाठीमागं मी ते लिहून घेतलं. तिथंच, त्या बाकावर, माझं ठरलं. आमच्या कंपनीत नवीन माल येणार असला की तो ठेवायची जागा आधी करतात. मोजायची पट्टी, धरायचा साचा, सगळं आधी तयार. माल येणार हे धरून चालतो म्हणून. मग माझी नात घरी येणार हे मी धरून चालले तर त्यात कुणाची दृष्ट लागायची? तीस वर्षांपूर्वी माझं बाळ विणल्यामुळं गेलं नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं, पण मी तसं वागले नव्हते. या वेळी तसं वागायचं होतं. ती घरी येईल त्या दिवशी खोळ तयार असली पाहिजे, बस.

पिंपरीतून पांढरी लोकर आणि दहा नंबरच्या सुया आणल्या. घरी विणायची सोय नव्हती, म्हणून बसमध्ये विणायचं ठरवलं. चिंचवड ते चाकण, ट्रॅफिक धरून जाताना तास-सव्वा तास, येताना त्याहून जास्त. भोसरीच्या सिग्नलला अडकलो की लोक ड्रायव्हरला नावं ठेवतात. मला तेव्हा चार ओळी जास्त मिळायच्या. बोटांना सगळं आठवत होतं. सुलट, उलट, सुलट. फक्त डोळ्यांना चष्मा लागला होता.

माझ्या शेजारी मंगल बसते. असेंब्लीत आहे, बीडची, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि तोंडानं पन्नास वर्षांनी मोठी. चार दिवस तिनं बघितलं आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "शोभाताई, एक इचारू का? विणायलाव का बोल्ट आवळायलाव?"

मी खाली बघितलं. टाके इतके घट्ट बसले होते की सुई पुढं सरकेना. चहाच्या सुट्टीत मी तो तुकडा टेबलावर पसरला आणि मोजला. सुरुवातीला रुंदी तेरा सेंटिमीटर, आणि वर येता येता साडेअकरा. टाके तेवढेच, ओळी तेवढ्याच, पण माझा हात रोज आवळत गेला होता. त्या आठवड्यात ओवीचं वजन आधी घटलं होतं. एक तीनशे साठवरून एक दोनशे नव्वदवर. नवजात बाळांचं घटतंच, सिस्टरांनी आधीच सांगितलं होतं. आमचे हे रोजचा आकडा कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाखाली लिहायचे. वजन घटलं त्या दिवसांच्या ओळी मला विणीत बोटानं दाखवता आल्या असत्या. वाढलं त्या दिवशीच्या दोन ओळी तेवढ्या सैल होत्या.

मी तो तुकडा उसवला. पुन्हा घातला. पुन्हा आवळला, पुन्हा उसवला. तिसऱ्या खेपेला मी ओठात पुटपुटत विणायला लागले, "सैल सोड, शोभा, सैल सोड," आणि मंगल शेजारून बघून हसायची. ती खोळ मात्र मापात आली. लांबी एकोणचाळीस, घेर सव्वीस, मिलिमीटरचा फरक नाही. मी एवढी खूश झाले की मंगलला जेवणाच्या सुट्टीत मोजून दाखवली.

तिनं ती हातात घेऊन आतबाहेर केली. "माप कधी घेतलं होतं ओ ताई?"

"जन्मली त्या दिवशी."

"त्याला झाले की तीन आठवडे. लेकरू हाय ते, पिस्टन न्हाय. वाढायला जागा नको का त्याला?"

तीस वर्षांत कंपनीत माझी एवढी मोठी चूक कुणी पकडली नव्हती. न वाढणारा माल मोजायची सवय लागलेल्या बाईनं नातीलाही तसंच मोजलं होतं. आणि मला हसू फुटलं. किती दिवसांनी फुटलं ते. कारण खोळ लहान झाली होती याचा अर्थ पोरगी मोठी झाली होती, आणि ते मला माझ्याच चुकीनं सांगितलं होतं. मी खिशातून लाल टॅग काढला, खोळीला बांधला आणि ती लॉकरमध्ये ठेवून दिली. ती अजून तिथंच आहे. निवृत्त होईन तेव्हा काढीन.

त्या संध्याकाळी घरी आले तर आत्याबाई माझ्या बाहीकडं बघत होत्या. युनिफॉर्मचा रंग निळा, त्यावर पांढरी लोकर.

"काय गं शोभे, कापूस पिंजून आलीस का?"

तीन आठवडे लपवलं होतं ते त्या क्षणी मला लपवावंसं वाटेना. मी म्हटलं, "नाही. विणतेय. प्राजक्ताच्या लेकीसाठी. पहिलं चुकलं, आता दुसरं घालणार आहे. तुम्हाला पटत नसेल तर नका बघू, पण मी थांबणार नाही."

हे एवढं मोठ्यानं बोलायची गरज नव्हती. त्या काही बहिऱ्या नाहीत. आतल्या खोलीतून प्राजक्ता, दवाखान्यात न्यायचं दूध काढत होती तिथून, "काय झालं गं?" म्हणाली. आत्याबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या. जेवणातही बोलल्या नाहीत. मला वाटलं, झालं, आता महिनाभर अबोला.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. ऊन गॅलरीत आलं तेव्हा मला हाक आली. आत्याबाई खाली सतरंजीवर बसल्या होत्या. पुढ्यात त्यांची उशी. ती लहानशी उशी त्या कुणाला धुवायला देत नाहीत. अभ्रा स्वतः काढतात, स्वतः घालतात. गावठाणातल्या घरातून इथं सोसायटीत आलो तेव्हाही ती ट्रकमध्ये न टाकता काखेत मारून आणली होती. म्हाताऱ्या माणसाची खोड म्हणून आम्ही हसायचो. त्यांनी ती एका बाजूनं उसवली होती. वरच्या थराचा कापूस बाजूला काढून ठेवला होता, आणि आत पिस्ता रंगाचे गुंडे होते. दाबून दाबून चपटे झालेले, पण रंग तसाच.

मी खाली बसले आणि एक गुंडा हातात घेतला.

"टाकवलं न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "गेलेल्या लेकराचं कापड दुसऱ्याला घालत न्हाईत, आन् तुझ्या नजरंला पडाया नको. म्हून उसवलं. पर लोकर कशी टाकू? तू रातध्याड हात मोडून विणलेलं. उशीत घातली." मग जरा थांबून, "माजाबी नातू व्हता त्यो."

तीस वर्षं मला वाटत होतं की त्या दिवशी त्यांनी माझ्यावरचा राग त्या स्वेटरवर काढला. आणि त्या तीस वर्षं रोज त्याच्यावर डोकं टेकून झोपत होत्या. मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "रडत बसू नगं. ऊन जाईल. आन् आईक, नवं न्हाई घालायचं म्हन्ले व्हते म्या. हे नवं न्हाई. उसवलं की कापड ऱ्हात न्हाई, निस्ती लोकर. हे जुनं हाय. जुनं चालतं."

मी वाद घातला नाही. त्यांची रीत त्यांच्यापाशी आणि माझा हट्ट माझ्यापाशी, दोन्ही शाबूत राहिले होते.

उसवलेली लोकर नागमोडी असते. ती तशीच विणली तर टाके वेडेवाकडे येतात. म्हणून आधी खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिच्या लडी केल्या, कोमट पाण्यात साबणानं दोनदा धुतल्या, आणि गॅलरीतल्या दांडीला टांगून प्रत्येक लडीच्या खाली वजनाला एक एक भरला तांब्या बांधला. सोसायटीतल्या बायका वर बघून काय समजल्या असतील देव जाणे. आत्याबाई खुर्ची टाकून दोन दिवस राखणीला बसल्या, कावळा येईल म्हणून. लोकर सरळ झाली. सिस्टरांना विचारलं तर म्हणाल्या, "स्वच्छ आहे ना? मग चालेल. आतून सुती कापड घाला, चेहरा उघडा ठेवा, आणि मांडीवर घ्याल तेव्हाच घाला, झोपवताना नाही." मी तेही लिहून घेतलं.

या वेळी माप पंचेचाळीसचं धरलं, आणि अंग सगळं दोन सुलट दोन उलट असं घातलं, म्हणजे ताणलं तर ताणतं आणि सोडलं तर अंगाबरोबर बसतं. आता लपवायचं काही नव्हतं. बसमध्ये विणायचे, दवाखान्याच्या बाकावर विणायचे, घरी भाजी शिजेपर्यंत विणायचे. प्राजक्ता रोज दुपारी ओवीला छातीशी धरून बसायची, उघड्या अंगाला उघडं अंग. मी दाराबाहेर. ती आत ऊब देत होती आणि मी बाहेर ऊब करत होते. एक चारशे ऐंशी. एक पाचशे नव्वद. मध्ये एकदा श्वास चुकला म्हणून पुन्हा नळी लावली. पण मी त्या दिवशीसुद्धा सहा ओळी घातल्या, मोजून, सैल हातानं. आवळलेली एकही ओळ मी तिच्या अंगाला लावणार नव्हते. आत्याबाई रोज संध्याकाळी खोळ हातात घेऊन ताणून बघायच्या आणि म्हणायच्या, "हं. आजबी पास."

एक किलो आठशे दहा झाली त्या दिवशी शेवटचे टाके बंद केले. आणखी दोन दिवसांनी, सकाळच्या उन्हात, ओवी घरी आली. आत्याबाईंनी भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकलं. त्यांच्याच एका विटलेल्या लुगड्याचा तुकडा आतून लावला आणि ओवीला खोळीत सरकवलं. ती हनुवटीपर्यंत आत गेली, जांभई दिली, आणि डोळे उघडून आमच्याकडं अशी बघायला लागली की जणू आम्हीच कुठंतरी जाऊन आलो होतो. आत्याबाईंनी तिला मांडीवर घेतलं. खोळीवरून हात फिरवत त्या हळूच म्हणाल्या, "त्याच्या अंगाला लागली न्हाई. हिच्या लागली." ते फक्त मला ऐकू आलं.

तर अशी ती खोळ. ती काचेच्या फ्रेममध्ये घालून हॉलमध्ये लावायची, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यानं म्हणायचं, अय्या किती गोड. नको. वापरातली वस्तू भिंतीवर गेली की ती संपते.

मी प्राजक्ताला तेव्हा एवढंच म्हटलं, "ओवीला या थंडीत स्वेटर लागेल ना? मग यातूनच होईल. तेव्हाचे तीन गुंडे अजून उरलेत, ते धरून पुरेल."

"म्हणजे तू हे उसवणार?" ती दचकलीच. "आई, नको ना! आठवण आहे ती."

"आठवण लोकरीत आहे. आकार काय, बदलतो."

तिला पटायला वेळ लागला. मी कात्री घेऊन उन्हात बसले. शेवटचा टाका लवकर सापडेना, कारण गेल्या वर्षी मीच तो आत खोल लपवला होता, सुटू नये म्हणून. सापडला तसा कापला, आणि सुटं टोक घेऊन आत्याबाईंच्या दिवाणाशी गेले. त्या जाग्याच होत्या. मी टोक त्यांच्यापुढं धरलं.

त्यांनी हात मागं घेतला. "माज्याच्यानं न्हाई व्हायचं शोभे. एकडाव केलं त्ये बास."

"मागच्या वेळी तुम्ही एकट्यांनी उसवलं," मी म्हटलं. "मी दारात उभी राहून बघत होते, आणि पुढं आले नाही. आता तुम्ही ओढा, मी गुंडा करते."

ओवी रांगत आली, दिवाणाला धरून उभी राहिली आणि लोकरीवर थाप मारून खिदळली. आत्याबाईंनी तिच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, मी माल बघते तसं.

"माप जरा मोठंच धर या टायमाला," त्या म्हणाल्या. "लई वर्सं जाया पायजे."

"नाही. अंगाबरोबरच धरणार," मी म्हटलं. "पुढच्या थंडीला पुन्हा उसवू. दर थंडीला उसवू, आत्याबाई."

त्यांनी टोक हातात घेतलं, आणि ओढलं.